झेड/२८ म्हणून घेतलेली साधी कॅमेरो

२०२३ च्या एप्रिलमध्ये ६८ हजार डॉलर देऊन मी १९६९ ची शेव्हरोले कॅमेरो झेड/२८ घेतली. ती झेड/२८ नव्हती. गाडी कॅमेरोच आहे, १९६९ चीच आहे, चोरीची वगैरे नाही. पण ज्या गोष्टीसाठी मी जवळजवळ दुप्पट पैसे मोजले, ती तिच्यात कधीच नव्हती. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी माझ्या वयाचे बरेच जण आता या गाड्यांकडे वळतायत. मुलं कॉलेजला गेलेली असतात, घराचं कर्ज उतरत आलेलं असतं आणि तरुणपणी पोस्टरवर पाहिलेली गाडी आवाक्यात आल्यासारखी वाटते. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी ही गाडी काय होती ते सांगतो, कारण फसवणूक त्यातच दडलेली आहे. १९६६ मध्ये स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेने ट्रान्स-अ‍ॅम ही शर्यतींची मालिका सुरू केली. इंजिन ३०५ घनइंचांपेक्षा, म्हणजे साधारण पाच लिटरपेक्षा मोठं नको, हा तिथला नियम. शेव्हरोलेकडे त्या मापाचं इंजिन नव्हतं. मग त्यांनी आपल्या ३२७ घनइंची इंजिनचा ४ इंची बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास घेतला, २८३ चा ३ इंची स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल घेतली आणि ३०२ घनइंचांचं इंजिन उभं केलं. शर्यतीत उतरायचं तर तशा गाड्या लोकांना विकायलाही हव्या होत्या, म्हणून ऑर्डरच्या यादीत झेड२८ नावाचा एक पर्याय आला. तेच पुढे गाडीचं नाव झालं. १९६७ मध्ये फक्त ६०२ गाड्या बनल्या, १९६८ मध्ये ७,१९९ आणि १९६९ मध्ये २०,३०२. रॉजर पेन्स्कीच्या संघाकडून मार्क डोनह्यूने १९६८ मध्ये १३ पैकी १० शर्यती मारल्या आणि १९६८, १९६९ अशी दोन्ही वर्षं अजिंक्यपद शेव्हरोलेकडे गेलं. त्या संघाची गाडी निळी होती. माझीही निळीच, ल मॉन्झ ब्लू, वर पांढरे रुंद पट्टे. फोटो पाहिला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

त्यात आणखी एक ओढ होती. १९६९ च्या कॅमेरो अमेरिकेत दोनच ठिकाणी बनल्या, कॅलिफोर्नियातलं व्हॅन नाइज आणि ओहायोतलं नॉरवूड. नॉरवूड माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. तो कारखाना १९८७ मध्ये बंद पडला, पण तिथे लाइनवर काम केलेली माणसं अजून आहेत. त्यातले एक आमच्याच गल्लीत राहतात, पंच्याहत्तरीचे. त्यांच्या पिढीच्या हातून जोडलेली गाडी आपल्या दारात असावी, असं मला फार वाटायचं.

गाडी दुसऱ्या राज्यातल्या एका विक्रेत्याकडे होती. जाहिरातीत लिहिलं होतं: अस्सल झेड/२८, नंबर मॅचिंग (म्हणजे इंजिन गाडीचं मूळचंच), टॅगवर एक्स ३३. ७२ हजार सांगत होता. दोन आठवडे फोनवर घासाघीस झाली. मग एका शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन आला, की टेक्सासहून एक गिऱ्हाईक उद्या सकाळच्या विमानाने येतंय, तुम्हाला हवी असेल तर आत्ता पाच हजार टाका. मी टाकले. गाडी न पाहता. पुढचं सगळं तिथेच बिघडलं. पाच हजार अडकल्यावर मी गाडी तपासायला गेलोच नाही, माझा निर्णय बरोबर होता हे बघायला गेलो.

तिथे त्याने मला काय काय दाखवलं ते सांगतो. फायरवॉलवरची, म्हणजे इंजिन आणि आतल्या बैठकीमधल्या पत्र्यावरची बॉडीची पट्टी (जाहिरातीतला टॅग तो हाच), तिच्यावर एक्स ३३. हा कोड नॉरवूडच्या गाडीवर असेल तर तो झेड/२८ चाच. इंजिनवर पंच केलेला कोड, शेवटी डीझेड. १९६९ च्या ३०२ चं ते चिन्ह. शेजारी गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडे, डॅशबोर्डवरच्या नंबराशी जुळणारे. वॉरंटीच्या पुस्तिकेत लावलेली अ‍ॅल्युमिनियमची छोटी पट्टी, तिच्यावरही तेच. मी गाडीखाली झोपून मागच्या अ‍ॅक्सलच्या झाकणाचे बोल्ट मोजले. झेड/२८ ला बारा बोल्टांचा अ‍ॅक्सल लागतो. बारा भरले. उठताना पाठीला लागलेलं ग्रीस त्याने स्वतःच्या हाताने पुसलं आणि म्हणाला, तुमच्यासारखं बघून घेणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं. त्या वाक्याने मी अगदी सुखावलो होतो.

आता यातलं काय खरं होतं? डॅशबोर्डवरचा नंबर खरा. पण १९६९ च्या कॅमेरोच्या नंबरात झेड/२८ कुठेही लिहिलेलं नसतं, हे फार महत्त्वाचं आहे. १२४३७९एन असा तो सुरू होतो: शेव्हरोले, व्ही-८ कॅमेरो, दोन दारांची कूपे, १९६९, नॉरवूड. पुढे नुसता अनुक्रम. साधी व्ही-८ असो की झेड/२८, सुरुवात तीच. फोर्डचं तसं नाही. मस्टँग बॉस ३०२ च्या नंबरात इंजिनासाठी जी हे अक्षर असतं आणि १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या मूळ नोंदींचा अहवालही विकत मिळतो. कॅमेरोच्या बाबतीत, गाडी मुळात कॅनडात विकली गेली असेल तर तिथल्या जनरल मोटर्सकडे नोंद आहे. अमेरिकेत विकली गेलेली असेल तर कंपनीकडून तिची स्वतंत्र नोंद मिळत नाही. म्हणजे पुरावा गाडीतच शोधायचा. आणि बॉडीची पट्टी नवी बनवून मिळते, वॉरंटीची पट्टी बनवून मिळते, पट्टे, स्पॉयलर, बिल्ले सगळं कॅटलॉगमध्ये आहे. बारा बोल्टांचा अ‍ॅक्सल दुसऱ्या गाडीचा काढून बसवता येतो. माझ्या गाडीत तसाच बसवला होता.

शंका पहिल्यांदा नॉरवूडला काम केलेल्या त्या शेजाऱ्यांना आली. गाडी आल्यावर मी त्यांना फेरी मारायला नेलं. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दोन हजार आरपीएमवर होती, मी पाय दाबला आणि ती दणक्यात उचलली. मला आनंद झाला. ते मात्र गप्प झाले. घरी परतल्यावर हळूच म्हणाले, की ३०२ अशी खालून उचलत नाही. तीन इंची स्ट्रोक, ते इंजिन वर फिरायला बनवलेलं, चार हजारांच्या पुढे जागं होणारं. खाली ते मरगळलेलं असतं. हे ३५० घनइंचांचं साधं इंजिन वाटतं.

त्या रात्री मी इंजिनच्या पुढच्या बाजूला, ऑल्टरनेटरच्या मागे टॉर्च धरून पंच केलेल्या नंबराचा फोटो काढला आणि अण्णांना पाठवला. अण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरला उद्यमनगरात त्यांनी चाळीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढली, ब्लॉक आणि हेडच घासले जन्मभर. मी गाडी घेताना त्यांना एकदाही फोटो दाखवला नव्हता, घेतल्यावर दाखवू म्हणून. त्यांचा लगेच व्हिडिओ कॉल आला.

“हितं कटर फिरलाय बघ,” ते म्हणाले. “ह्या गोल रेघा दिसत्यात न्हवं? कंपनीत ब्रोच मारत्यात. त्याच्या रेघा सरळ, एकमेकीला धरून असत्यात. ह्यो पृष्ठभाग मागनं कुणीतरी मारलाय.”

ब्रोच म्हणजे एका सरळ फटक्यात पृष्ठभाग कापणारं दातेरी हत्यार. मी म्हटलं, अण्णा, इंजिन रिबिल्ड करताना कुणी फेसिंग केलं असेल, वरचा थर कापून सपाट केला असेल.

“केलं असंल. मग फेसिंग केल्यावर नंबर कसा र्‍हायला? तो आधी पुसायला पायजे होता.”

मी काही बोललो नाही. एवढं साधं होतं ते. वरचा थर कापला गेला तर त्यातले पंचही जातात. पृष्ठभाग नवा आणि नंबर कोरा करकरीत, म्हणजे नंबर नंतर मारलाय. मग अण्णांनी विचारलं, “ओतीव तारीख काय हाय?”

फाउंड्र्यांच्या कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे विचारावं लागू नये. पंच केलेला आकडा खोल असतो, तो कुणीही मारू शकतो. कास्टिंगचा आकडा साच्यातूनच उठावदार येतो आणि तो बदलणं फार अवघड. या इंजिनांवर तो मागच्या बाजूला असतो, गिअरबॉक्स जोडतात त्या कडेवर. फायरवॉल जवळ असल्याने सरळ दिसत नाही. मी सेल्फी स्टिकला फोन लावून व्हिडिओ घेतला. डी १५ ९. डी म्हणजे एप्रिल, १५ तारीख, ९ हा वर्षाचा शेवटचा आकडा. आणि पुढे पंच केलेला कोड सांगत होता की हे इंजिन फ्लिंटच्या कारखान्यात ११ मार्चला जोडलं. म्हणजे ब्लॉक ओतायच्या महिनाभर आधी इंजिन जोडून तयार! क्रम नेहमी एकच असतो: आधी ओतकाम, मग इंजिनची जोडणी, मग बॉडीच्या पट्टीवरचा आठवडा. तो उलटा झाला की बोलणंच खुंटलं. वर ते ९ म्हणजे १९६९ की १९७९ हेही कळत नाही, कारण ब्लॉकवर दशक नसतं. माझ्या ब्लॉकचा कास्टिंग नंबर ३९७००१०. तो १९६९ च्या ३०२ मध्येही सापडतो, म्हणून विक्रेते छातीठोकपणे दाखवतात. पण तोच ब्लॉक पुढे १९७० चं सगळं दशक ३५० म्हणून मोटारी आणि ट्रकमध्ये जात होता. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

मग मी ते केलं जे पैसे देण्याआधी करायला हवं होतं. फक्त पहिल्या पिढीच्या कॅमेरो तपासणारा एक माणूस बोलावला. सहाशे डॉलर घेतले त्याने, दिवसभर गाडीत डोकं घालून होता. १९६९ च्या कॅमेरोवर गाडीचा नंबर आणखी दोन ठिकाणी लपवून पंच केलेला असतो: काचेखालच्या जाळीच्या पत्र्याखाली आणि फायरवॉलवर, हीटरच्या मागे. हीटरचा डबा काढला. नंबर डॅशबोर्डशी जुळला, त्यामुळे गाडी चोरीची नाही हे नक्की झालं. पण त्याच ठिकाणी पत्र्यावर वेल्डिंगची शिवण होती, चौकोनी, घासून रंगवलेली. त्याने माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं. एअर कंडिशनरसाठी कापलेलं भोक बुजवलं होतं. झेड/२८ ला एसी मिळतच नव्हता. म्हणजे ही गाडी कारखान्यातून एसी लावून बाहेर पडलेली, एखाद्या कुटुंबाची शांत, साधी कॅमेरो. तिच्या त्या इतिहासात काहीही वाईट नव्हतं. तो पुसून दुसऱ्याचा चिकटवला, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, बिल वाचा. बिलावर होतं: १९६९ शेव्हरोले कॅमेरो, आहे त्या स्थितीत. झेड/२८ हा शब्द नाही, नंबर मॅचिंग नाही, एक्स ३३ नाही. सही करताना मी फक्त रक्कम आणि नंबर पाहिला होता. जाहिरात त्याने कधीच काढून टाकली होती. वकिलाने पहिला प्रश्न तोच विचारला, जाहिरातीची प्रत आहे का? माझ्याकडे नव्हती. पण गाडी ठरली त्या दिवशी आनंदाच्या भरात मी तिचे सगळे स्क्रीनशॉट कोल्हापूरला धाकट्या भावाला पाठवले होते आणि ते त्याच्या फोनमध्ये तसेच पडून होते. जाहिरातीत केलेलं ठाम वर्णन ही एक प्रकारची हमी धरली जाऊ शकते, असं वकील म्हणाला. त्या स्क्रीनशॉटच्या जोरावर आठ महिन्यांनी १४ हजार परत मिळाले. चार वकिलाचे गेले. पूर्ण खटला दुसऱ्या राज्यात लढवायचा तर उरलेलेही त्यातच गेले असते, म्हणून थांबलो.

तुम्ही अशी गाडी बघत असाल तर कृपा करून इसार देण्याआधी इंजिनच्या पुढच्या नंबराचा आणि मागच्या ओतीव तारखेचा, दोन्हींचे फोटो मागा आणि बॉडीच्या पट्टीवरच्या आठवड्याशी जुळवून बघा. जाहिरातीतला प्रत्येक शब्द बिलावर लिहून घ्या. तपासणाऱ्याची निवड तुम्ही करा, विक्रेत्याने सुचवलेला नको. आणि एक्स ३३ नाही म्हणून गाडी खोटी, असंही समजू नका. व्हॅन नाइजच्या गाड्यांवर हे कोड नसायचे आणि नॉरवूडलाही ते त्या हंगामात मध्येच सुरू झाले. अस्सल गाडी हातची घालवाल.

गाडी मी ठेवली आहे. बिल्ले काढले. खोटी पट्टी काढून तपासणीच्या अहवालासोबत पाकिटात घातली आहे, कधी विकली तर पाकीट गाडीबरोबर जाईल. फायरवॉलवर रिव्हेटची दोन रिकामी भोकं आहेत, ती तशीच राहू दिलीत.

मागच्या महिन्यात कोलंबसच्या एका मराठी मुलाचा फोन आला. त्याला पांढरी कन्व्हर्टिबल मिळतेय, नारिंगी पट्ट्यांची, १९६९ च्या इंडी ५०० शर्यतीची पेस कार आवृत्ती, म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे धावणाऱ्या गाडीसारखी. तशा ३,६७५ बनल्या होत्या. तिच्या बॉडीच्या पट्टीवर झेड११ असावं लागतं आणि विक्रेता ते दाखवतोय. मुलाने इंजिनच्या नंबराचा फोटो पाठवला, मी तो अण्णांना पुढे धाडला. रेघा सरळ आहेत, अण्णांना त्या पसंत पडल्या. मग त्यांचा व्हॉइस मेसेज आला: “मागची तारीख कुठाय?”

विक्रेता म्हणतो, तो फोटो काढायला गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मुलाला मी माझी सेल्फी स्टिक दिली आहे. शनिवारी आम्ही दोघं जातोय. इसार अजून दिलेला नाही.