डिस्कसच्या टाकीवरची लाइट: दहा महिने वापरल्यानंतर

डिस्कस म्हणजे थाळीसारखे चपटे, शोभेचे मासे. त्यांच्या आमच्या टाकीवर सध्या आहे ती तिसरी लाइट. पहिल्या दोन उतरवल्या. ही फेब्रुवारीत बसवली आणि आता नोव्हेंबर संपत आला आहे. मे महिन्याचं तापणं, पावसाळ्यातली पाखरं, दिवसातून चारदा जाणारी लाइन, हे सगळं तिच्यावरून गेलं आहे, म्हणून आता लिहितो.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, कापूस-तुरीचं. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान घराला लागूनच आहे आणि टाकी समोरच्या खोलीत, जिथं माय दिवसभर बसते. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. काठोकाठ भरली तर 340 लिटर, प्रत्यक्षात 300 च्या आसपास. सहा डिस्कस आहेत, तीन रंगजातींचे: तीन पिजन ब्लड, दोन रेड टर्क्वॉइज आणि एक ब्लू डायमंड. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास नागपूरहून आणले तेव्हा अडीच-अडीच इंचांचे होते. बोअरचं पाणी जड, म्हणून गावातल्या आरओचे कॅन आणून अर्धं-अर्धं मिसळतो. तापमान 29 अंश.

पहिली लाइट दुकानदारानं टाकीसोबतच दिली होती. 30 वॉटची, पांढऱ्या आणि निळ्या चिपांची, खोक्यावर 10,000 केल्विन छापलेलं (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर). दुकानात तिच्याखाली पाणी काचेसारखं चमकत होतं. घरी लावली तर पिजन ब्लडचा केशरी रंग धुवून काढल्यासारखा झाला आणि सहाही मासे फिल्टरच्या मागे जाऊन उभे. टर्क्वॉइजच्या अंगावर काळे उभे पट्टे उमटले. डिस्कस घाबरला की हे पट्टे गडद होतात. पिजन ब्लडला ते नसतातच, त्यामुळे त्याची भीती रंगावरून कळत नाही. मिटलेल्या पंखांवरून आणि कोपरा धरण्यावरून ओळखावी लागते. मी ती लाइट दहा-दहा तास चालू ठेवायचो. तीन आठवड्यांत काचेवर हिरवा थर आला आणि टाकीतल्या अनुबिया या झाडाच्या पानांवर दोऱ्यासारखं शेवाळ.

दुसरी म्हणजे साधी 20 वॉटची एलईडी बॅटन, 6500 केल्विन, आपण घरात लावतो तीच. रंग बरेच खरे दिसू लागले. उजेड साधारण 2000 लुमेन (लुमेन म्हणजे उजेड किती पडतो त्याचं माप), म्हणजे लिटरमागे सात लुमेनसुद्धा नाही, आणि हा कमी उजेडच म्हणायचा. तरीही सकाळी बटण दाबलं की टाकीत धडाधड. एकदा ब्लू डायमंड हीटरवर आपटला आणि त्याच्या कपाळाला खरचटलं. मी पाणी तपासलं, खाणं बदललं, जंताचं औषध देऊन पाहिलं. दीड महिना त्यात गेला.

कोडं सोडवलं मायनं. ती म्हणाली, ‘सकाई मी खिडकी उघडतो तवा हे मासे हलत बी नाही. तू बटण दाबतं अन् सारे कोपऱ्यात पयतात. तुह्या बटणाले भेतात ते.’

आमची खिडकी पूर्वेची. थंडीत सात-साडेसातला टाकीवर जो उजेड पडतो तो बॅटनपेक्षा जास्त असतो, कमी नाही. पण तो हळूहळू येतो. माशाला पापणी नसते. आपली बाहुली उजेडात चटकन आकसते, बहुतेक माशांची तशी आकसत नाही. त्यांच्या डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी जागच्या जागी पुढं-मागं सरकून उजेडाशी जुळवून घेतात, आणि त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. अंधारातून एकदम 2000 लुमेन म्हणजे त्या अर्ध्या तासाचा सगळा भार एका क्षणात. मी आठ दिवस आधी खिडकी उघडून, तासाभरानं बॅटन लावून पाहिली. पळापळ जवळजवळ थांबली. उजेड किती, या प्रश्नावर मी दोन लाइट आणि चार महिने घालवले होते. तो कसा येतो आणि कसा जातो, हे विचारायला हवं होतं.

म्हणून तिसरी लाइट मंद होणारी घेतली: 36 वॉट, 12 व्होल्टवर चालणारी, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा असे चार रंग वेगवेगळे कमी-जास्त करता येणारी, सोबत वेळ लावायचा कंट्रोलर. 4,800 रुपये पडले. आमच्याकडे हा आकडा लहान नाही. एका फवारणीचं औषध येतं त्यात.

पूर्ण ताकदीवर मी ती एकदाच लावली, पहिल्या दिवशी, तपासायला. त्यानंतर 45 टक्क्यांच्या वर नेली नाही. दुपारी एकला 3 टक्क्यांपासून सुरू होते आणि पाऊण तासात 45 वर पोहोचते. सायंकाळी सव्वासहाला उतरू लागते आणि सातला विझते. मधल्या काळात खाणं दोनदा, पहिलं लाइट पूर्ण चढल्यानंतर अर्ध्या तासानं. हा क्रम बसल्यावर पंधरा दिवसांत सहाही मासे समोरच्या काचेशी येऊन उभे राहू लागले. टर्क्वॉइजचे पट्टे फिकट झाले ते आजतागायत तसेच आहेत. फक्त पाणी बदलताना तासभर दिसतात. रात्री खोलीत झिरोचा बल्ब असतो. मिट्ट अंधारात कुणी उठून ट्यूब लावली तर मासे तेव्हाही उसळतात, म्हणून तो बल्ब घरच्यांनी कायमचाच ठेवला आहे.

रंगाबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेक लोक लाइट घेतात ती रंगासाठीच. पिजन ब्लड आणि टर्क्वॉइजमधला लाल-केशरी रंग दिसायला उजेडात लाल हवाच. मी लाल 60, पांढरा 40, हिरवा 30, निळा 15 असं ठेवलं आहे (हे त्या 45 टक्क्यांच्या आतलं प्रमाण). लाल 80 वर नेला तर मासा सुंदर दिसतो, पण पाणी गुलाबी आणि झाडं तपकिरी दिसतात, आणि मासा आजारी पडला तरी कळत नाही. डिस्कसचा पहिला इशारा अंगाचा रंग काळवंडणं हाच असतो. तो लपवणारा उजेड मला नको. आणि लाइटनं मासा लाल होत नाही, फक्त दिसतो. रंग जातीतून आणि खाण्यातून येतो. ब्लू डायमंडला मात्र या मांडणीत न्याय मिळत नाही, तो राखाडी दिसतो. एका टाकीत दोन्ही रंगांचे मासे ठेवले की एकाला झुकतं माप मिळणारच.

पिजन ब्लडवर मिरी भुरभुरल्यासारखे काळे ठिपके येत होते, त्याचा दोष मी आधी लाइटला दिला. खरं कारण मागचा काळा कागद होता. ही जात काळ्या पार्श्वभूमीवर ठिपके गडद करते. फिकट आकाशी कागद लावल्यावर दोन महिन्यांत ते बरेच उतरले. तळाला फिकट रेती असल्यानं खालूनही उजेड परततो, म्हणून वर साल्विनिया हा तरंगणारा पाणवेल सोडला आहे. टाकीचा एक तृतीयांश भाग त्याच्या सावलीत असतो. तो शहरातल्या दुकानातून घेतला. तळ्यातली झाडं आणू नका, गोगलगायी आणि किडे सोबत येतात.

झाडं या उजेडात मोजकीच चालतात: अनुबिया, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरीन. 29 अंश पाणी आणि मंद उजेड दोन्ही माझ्याकडे यांनीच सहन केलं. अनुबिया महिन्याला एखादं पान देतो आणि शेवाळ आता नावाला आहे. ॲमेझॉन स्वॉर्डची खालची पानं पिवळी पडतात, तो मला जमला नाही.

उन्हाळा. मे महिन्यात खोलीत कूलर असूनही पाणी 33 वर गेलं. लाइटची किती उष्णता पाण्यात जाते याचा मी हिशेब केला. 45 टक्क्यांवर ती साधारण 16 वॉट खाते. सहा तासांत ती सगळी ऊर्जा 300 लिटर पाण्यात गेली असं धरलं तरी पाणी पाव अंशाच्या आसपासच तापेल. म्हणजे दोष लाइटचा नव्हता. पाण्यावर दोन छोटे पंखे लावले, दोन-अडीच अंश उतरलं, रोज पाच-सहा लिटर पाणी वाफेनं उडत होतं. ते आरओच्याच पाण्यानं भरा. बोअरचं भरलं तर क्षार साठत जातात.

त्याच क्षारांनी लाइटलाही त्रास दिला. पंख्यांमुळे झाकणाची काच बाजूला केली होती, तेव्हा उडालेल्या थेंबांचा पांढरा थर लाइटच्या ॲक्रिलिकवर बसला आणि उजेड डोळ्याला कळेल इतका घटला. आता दर रविवारी लाइट उतरवून, गार झाल्यावर, लिंबू लावलेल्या कापडानं पुसतो.

पावसाळ्यातला धडा फक्त आपल्या भागातल्या माणसाच्या कामाचा. जुलै-ऑगस्टमध्ये दिवे लागणीला घरात पाखरांचा झड येतो आणि टाकीवरची लाइट त्यांना सगळ्यात जास्त ओढते. निळसर उजेड तर फारच. आजूबाजूच्या कपाशीवर फवारणी चालू असते आणि तीच पाखरं पाण्यात पडतात. मासे ती गिळतात. म्हणून काचेचं झाकण पुन्हा बसवलं, निळा शून्यावर आणला आणि लाइट सहालाच बंद होईल अशी वेळ लावली. फवारणी करून आलेल्या माणसानं त्या दिवशी टाकीत हात घालायचा नाही, हा घरचा नियम आहे.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. या कंट्रोलरचं घड्याळ लाइन गेली की पुसलं जातं आणि लाइन आली की लाइट थेट शंभर टक्क्यांवर पेटते. ज्या गोष्टीसाठी 4,800 रुपये मोजले तीच गोष्ट लाइन येताक्षणी उलटी होते. फेब्रुवारीत एकदा रात्री अडीचला लाइन आली. सकाळी एक टर्क्वॉइज शेपटी फाटलेला सापडला. विकणाऱ्याला दोनदा लिहिलं, ‘वापरायच्या सूचना वाचा’ एवढंच उत्तर आलं. सूचनांमध्ये याचा उल्लेखच नाही.

उपाय मीच केला. इंटरनेटच्या राउटरसाठी मिळतो तो 12 व्होल्ट, 2 अँपिअरचा छोटा यूपीएस, म्हणजे लाइन गेली की बॅटरीवर चालवणारा डबा, लाइटच्या आधी जोडला. तो 24 वॉटपर्यंत पेलतो, आपली लाइट 16 वरच असते. दीड-दोन तास निघतात आणि घड्याळ जिवंत राहतं. त्याहून जास्त वेळ लाइन गेली तर मी लाइटचा प्लग काढून ठेवतो. घरच्या इन्व्हर्टरवर मात्र पहिला हक्क हवेच्या पंपाचा. लाइट नसली तरी मासे मजेत राहतात, गरम पाण्यात हवा थांबली तर एका रात्रीत जातात. जूनच्या वादळात व्होल्टेज 280 वर गेलं आणि लाइटचा अडॅप्टर जळाला; नवा बसवताना त्याच्या आधी छोटा स्टॅबिलायझर घातला.

कुणी अशी लाइट घ्यायला निघालं असेल तर खोक्यावरचे वॉट आणि केल्विन नंतर वाचा. दुकानातच तिला संध्याकाळची वेळ लावा, प्लग काढा, पाच-दहा मिनिटं दुकानदाराशी बोलत उभे राहा आणि पुन्हा लावा. घड्याळ तिथूनच पुढं चाललं आणि लाइट मंद उठली तर घ्या. डोळे दिपले तर तशीच काउंटरवर ठेवून या, दुकानदार कितीही सवलत देवो.