अ‍ॅरिझोना ट्रेलसाठी जमवलेलं पाण्याचं सामान: काही महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो. फिल्टर उत्तम, पण नाजूक. मऊ पिशव्या ठीकठाक. साध्या प्लास्टिकच्या बाटल्या सगळ्यात भारी. नळीवाला ब्लॅडर (सॅकमध्ये ठेवून नळीने पाणी प्यायची पिशवी) वाळवंटात नको.

अ‍ॅरिझोना ट्रेल हा अमेरिकेतला पायी चालायचा मार्ग मेक्सिकोच्या हद्दीपासून यूटाच्या हद्दीपर्यंत जातो, सुमारे १,२९० किलोमीटर. २००९ साली त्याला नॅशनल सीनिक ट्रेलचा दर्जा मिळाला आणि २०११ मध्ये तो सलग पूर्ण झाला. नकाशावर पाणवठे भरपूर दिसतात, पण त्यातले कितीतरी झरे ऋतू सरला की आटतात आणि कितीतरी जागा म्हणजे गुरांसाठी खणलेली मातीची तळी. ट्रेल सांभाळणारी संस्था पाणवठ्यांचा तक्ता ठेवते. कुठलं पाणी किती भरवशाचं ते त्यात कळतं. तयारीच्या काळात मी हा तक्ता बुटांच्या परीक्षणांपेक्षा जास्त वाचला. दोन खात्रीच्या पाणवठ्यांमध्ये ३० किलोमीटरहून जास्त अंतर पडतं अशा जागा आहेत, आणि तिथे पाच-सहा लिटर पाठीवर घ्यावंच लागतं. एक लिटर म्हणजे एक किलो, यात कुठलीही महागडी वस्तू सूट देत नाही.

म्हणून सराव याच वजनाने केला. चढताना सॅकमध्ये भरलेल्या बाटल्या, वर पोचलं की पाणी ओतून द्यायचं आणि रिकाम्या सॅकने उतरायचं. गुडघे वाचतात. शिवाय सॅकचा कमरपट्टा सहा किलो वाढल्यावर कुठे काचतो, हे घराजवळच कळतं.

आता ब्लॅडर. सरावात आवडला होता, हे कबूल. चालता चालता घोट घेता येतो. पण सॅकच्या पोटात पाणी किती उरलंय ते दिसत नाही, आणि या ट्रेलवर सगळा हिशेब त्याच एका आकड्यावर चालतो. बाटली वर धरली की झालं: पुढचा पाणवठा गाठेपर्यंत पुरतंय की नाही, लगेच कळतं. ब्लॅडरच्या बाबतीत नळीतून हवा येते तेव्हा कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. त्यात नळीतलं पाणी उन्हाने चहाइतकं गरम होतं, आणि सॅक खाली टेकवली की तोंडाची कळ दबून अर्धा पेला पाणी मातीत. धुवायचा त्रास वेगळाच.

मऊ पिशव्या फक्त राखीव साठ्यासाठी. रिकाम्या झाल्या की घडी होऊन कोपऱ्यात बसतात. पण जमिनीवर ठेवू नका. चोला नावाच्या निवडुंगाचे काटेरी तुकडे सगळीकडे पडलेले असतात, आणि त्यातला एक काटा पुरतो. (तोच तुकडा पोटरीला चिकटला तर बोटांनी ओढू नका, कंगवा घालून उडवा. जाड दातांचा कंगवा यादीत हवाच.)

फिल्टरबद्दल जरा सविस्तर. हा पोकळ तंतूंचा, ०.१ मायक्रॉनच्या छिद्रांचा. जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतो. विषाणू आणि विरघळलेले क्षार नाही. गुरांच्या तळ्यातलं हिरवट पाणी यातून नितळ निघतं, वास मात्र थोडा राहतोच. खरी परीक्षा गिला नदीवर झाली. तिथलं पाणी म्हणजे पातळ चिखल. थेट फिल्टरला लावलं तर दुसऱ्या लिटरलाच धार करंगळीएवढीही राहत नाही आणि फिल्टरला जोडलेली पिशवी पिळून पिळून मनगटं दुखतात. मी बाटलीत चिमूटभर तुरटी फिरवून ठेवली. थोड्या वेळाने गाळाचे पुंजके तळाला बसू लागले. मग वरचं पाणी रुमालातून ओतून घेतलं आणि मगच गाळलं. धार टिकली. तरी रोज संध्याकाळी सिरिंजने उलटं पाणी सोडून फिल्टर धुवायचा. सिरिंज वजनाला काहीच नाही, ती घरी ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट पाकिटावर बारीक अक्षरात असते: एकदा ओला झालेला फिल्टर गोठला तर तंतू तडकतात, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. वाळवंट म्हणजे ऊन, असं मनात असतं. पण हा ट्रेल उत्तरेला कैबाब पठारावर अडीच हजार मीटरच्या वर जातो आणि वसंतातही तिथे रात्री पाणी गोठतं. फिल्टर झिपच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घ्यायचा. जोडीला क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या ठेवल्या होत्या. क्रिप्टोस्पोरिडियम या चिवट परजीवीसाठी चार तास थांबावं लागतं, म्हणून त्या रात्रीच्या पाण्याला.

मिठाकडे दुर्लक्ष नको. उन्हात नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि मळमळ, डोकेदुखी अशी लक्षणं उष्माघातासारखीच वाटतात. ग्रँड कॅन्यनमध्ये उद्यानाकडून याचा इशारा दिला जातो. खारे शेंगदाणे आणि क्षारांची पावडर, दोन्ही लागलं.

आजची स्थिती: बाटल्यांवर ओरखडे, गळती नाही. एक पिशवी शिवणीशी पाझरते. फिल्टरची धार धुतल्यावरही नव्यासारखी राहिलेली नाही. घराजवळच्या डोंगरांसाठी चालेल. पुन्हा एवढ्या लांब जायचं झालं तर नवा घेईन.