एन-९५ आणि कमरेचा माइक: पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर

गेल्या महिन्यात ओपीडी ऐन भरात असताना माइकची वायर पिनेपाशी तुटली. कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, वॉरंटी मशीनची आहे, वायर ॲक्सेसरीत येते. माइकशिवाय मशीन कमरेला बांधून मी काय मिरवू? तेव्हाच हा रिव्ह्यू लिहायला घेतला आणि दोन स्टार देऊन मोकळी होणार होते. आता तीन देतेय, कारण मध्ये एक गोष्ट घडली. ती पुढे सांगते.

वस्तू तुम्हाला माहीत आहे. क्लासवाले सर वापरतात तीच, कमरेला स्पीकर आणि डोक्याला माइक. मी अकराशेला घेतली. पण खालचे सगळे रिव्ह्यू शिक्षकांचे आहेत आणि त्यांचं तोंड मोकळं असतं. मी क्षयरोगाच्या ओपीडीत समुपदेशन करते, माझ्या तोंडावर सकाळपासून एन-९५ असतो. आमच्यासारख्यांनी घ्यावं की नाही, हे कोणीच लिहिलेलं नाही, म्हणून हा प्रपंच.

मास्कने आवाज नुसता लहान होत नाही, त्याची धार जाते. २००० ते ७००० हर्ट्झच्या, म्हणजे बारीक, उंच सुरांच्या पट्टीत साधा सर्जिकल मास्क ३-४ डेसिबल खातो, एन-९५ बाराच्या आसपास. स, श, फ, थ यांची ओळख बरीचशी याच पट्टीत असते. शिवाय ओठ झाकलेले. त्यामुळे पेशंटला आवाज ऐकू येतो, पण शब्द लागत नाहीत. एका मावशींना मी दोनदा सांगितलं, गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या. त्यांनी विचारलं, "उपास कुठल्या वारी धरू, मॅडम?" तिसऱ्यांदा मी इतक्या जोरात ओरडले की बाकावरचे सगळे मान वळवून बघायला लागले.

त्यात आमच्याकडे हवा खेळती ठेवायची म्हणून खिडक्या सताड उघड्या. बाहेर बसस्टॉप, रिक्षांचे हॉर्न, आत घरघरणारा पंखा. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. लोंबार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच हे नोंदवून ठेवलंय, म्हणून त्याला लोंबार्ड इफेक्ट म्हणतात. बाईच्या स्वरतंतूंची साधारणपणे सेकंदाला दोनशेच्या आसपास कंपनं होतात. जितकं जोरात बोलाल तितके ते जोरात एकमेकांवर आपटतात. बरं, घोटभर पाणी प्यावं तर मास्क काढावा लागतो आणि तिथे मास्क काढायचा नाही. आणखी एक, जबडा जोरजोरात हलला की मास्क नाकावरून सरकतो. म्हणजे ओरडून गळा जातोच, वर मास्कची पकडही सुटते.

दुपारपर्यंत माझा घसा बसायचा. घरी पोरं म्हणायची, आई आज म्यूटवर आहे. शेवटी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं: स्वरतंतूंना सूज, गाठी नाहीत. स्पीच थेरपिस्ट बाईंनी दोन गोष्टी बजावल्या. सारखं खाकरायचं नाही आणि कुजबुजायचंही नाही. कुजबुजीनेही गळ्यावर ताण येतो, हे मला नवीनच होतं. माइक घ्या, हेही त्यांनीच सुचवलं.

घसा पहिल्या काही आठवड्यांतच सुधारला, ते श्रेय मशीनला देते. पण पेशंटची "काय?" "काय म्हणाला?" काही थांबेना. मास्कसमोर धरलेल्या माइकला मास्कमधून गाळलेलाच आवाज मिळतो. व्हॉल्यूम वाढवला की तीच भुणभुण मोठी होते. डोक्यावर एन-९५ चे दोन पट्टे, चष्म्याच्या काड्या आणि त्यावर माइकची पट्टी, हे सगळं एकात एक अडकतं. माइकवरची फोमची टोपी स्पिरिटने पुसता येत नाही, म्हणून इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर माझ्याकडे बघून नाक मुरडायच्या. आधी दोनच स्टार देणार होते ते यामुळे.

मग वायर तुटली. लॅमिंग्टन रोडवर गेले तर दुकानदार म्हणाला, "ताई, तीच वायर कशाला लावता, कॉलरचा घ्या." अडीचशे रुपये. आणि खरंच फरक पडला! मास्क लावल्यावर आवाजाचा बराच भाग बाजूंनी वळतो, त्यामुळे छातीवर लावलेल्या माइकला मास्कने फारसा फरक पडत नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या अभ्यासात २०२० मध्ये हेच दिसलं होतं. त्याच अभ्यासात पारदर्शक खिडकीचे मास्क आवाजाच्या बाबतीत मागे पडले. आमच्याकडे कोणीतरी हौसेने तसले आणा म्हणत होतं. ओठ दिसतात हे खरं, पण क्षयरोगाच्या ओपीडीत एन-९५ ला पर्याय नाही, विषय संपला.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो जुन्या एमडीआरच्या, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या पेशंटसाठी. पूर्वी त्यांना महिनोन्‌महिने कॅनामायसिनची इंजेक्शनं असायची. त्याने अनेकांचे कान गेले आणि या औषधाने ऐकू येणं जातं ते आधी वरच्या पट्टीतलंच. मास्कही वरचीच पट्टी खातो. आता उपचार बहुतेक गोळ्यांवरच आहेत, पण गेलेलं ऐकू परत येत नाही. असे एक काका नेहमी बरोबर मुलाला आणायचे, मध्ये दुभाष्या म्हणून. कॉलर माइक लावल्यावर पहिल्यांदाच ते मुलाच्या आधी बोलले, "कळलं, कळलं. रोज चालू ठेवायच्या."

एचआयव्हीच्या चाचणीबद्दल किंवा घरच्यांना सांगायचं की नाही याबद्दल बोलताना मात्र मी मशीन बंद करते. अख्ख्या बाकाला ऐकवायच्या त्या गोष्टी नाहीत. तेव्हा खुर्ची खिडकीकडे ओढायची, सावकाश बोलायचं आणि आकडा, तारीख कागदावर लिहून द्यायची.

आणि आता खरं दुखणं. हे मशीन चालू केलं की त्यातली बाई पूर्ण आवाजात ओरडते: "पॉवर ऑन!" व्हॉल्यूम शून्यावर ठेवा, तरी ओरडते. वर बॅटरी वाचवायला ते थोडा वेळ शांतता झाली की आपोआप झोपतं. म्हणजे पेशंट रडतोय, मी गप्प बसलेय, तो सावरल्यावर मी बटण दाबते आणि बाई किंचाळते, "पॉवर ऑन!" एका मुलीला रिपोर्ट समजावताना हे झालं तेव्हा मला मशीन खिडकीबाहेर भिरकवावंसं वाटलं. कंपनीला तीन ईमेल केले. उत्तर आलं, हे फीचर आहे. बंद कसं करायचं? बंद होत नाही. वॉर्डातले मामा आता मला बघितलं की "पॉवर ऑन" म्हणतात. याचे दोन स्टार कापलेत आणि ते परत मिळणार नाहीत.

घेणार असाल तर ३.५ मिमीची पिन असलेलंच घ्या, म्हणजे बाहेरचा कॉलर माइक लागतो. स्पीकर कमरेला मागच्या बाजूला नको, पुढे पण माइकपासून लांब, नाहीतर शिट्टी वाजते. डबा दुकानातच उघडा, चालू करून बघा, आणि ती बाई ओरडली तर पैसे देऊ नका.