सुपर चीफच्या सहा प्लेट्स आणि माझे १,९०४ डॉलर

आकडा आधीच सांगून टाकतो. प्लेट्सचे १,८४० डॉलर, पार्सलचे ६४. एकूण १,९०४. जुन्या अमेरिकन रेल्वेगाड्यांच्या वस्तू जमवणारे आपल्यातले आणखीही काही जण आहेत, म्हणून बनावट प्लेट्स घेऊन कसा फसलो ते लाज गिळून लिहितोय.

माझे बाबा भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. शिकागोला आमच्याकडे आले तेव्हा त्यांना संग्रहालयात पायोनियर झेफिर दाखवली. २६ मे १९३४ ला डेन्व्हरहून निघून १३ तास ५ मिनिटांत शिकागो गाठणारी ती स्टेनलेस स्टीलची गाडी. बाबा तिचे सांधे निरखत अर्धा तास जागचे हलले नाहीत. तिथून मला हा नाद लागला. वेळापत्रकं, मेन्यूकार्डं, १२ ते २५ डॉलरच्या वस्तू. नऊ वर्षं हेच करतोय, म्हणजे मी नवखा नव्हतो. मुद्दाम सांगतोय, कारण ज्याला कळलं त्याने पहिल्यांदा 'असं कसं केलंस?' हेच विचारलं.

मिंब्रेनो प्लेट्सचं वेड मला पहिल्यापासून. सँटा फे रेल्वेच्या सुपर चीफ या गाडीच्या डायनिंग कारसाठी मेरी कोल्टर यांनी केलेलं ते डिझाइन, न्यू मेक्सिकोतल्या प्राचीन मिंब्रेस भांड्यांवरचे पशुपक्षी घेऊन. अशा सहा प्लेट्स एकत्र, तेही एका घरातल्या, हे विक्रीच्या एका साइटवरच्या जाहिरातीत वाचून झोप उडाली.

विकणारा म्हणाला, आजोबा सुपर चीफवर स्ट्युअर्ड होते, १९३५ मधल्या पहिल्या फेरीपासून. अहो, सुपर चीफ सुरूच झाली मे १९३६ मध्ये! मला हे झोपेत विचारलं तरी सांगता येईल. ते वाक्य वाचून मी थांबलो होतो. चांगला मिनिटभर थांबलो होतो. आणि मग स्वतःलाच समजावलं, की घरोघरी म्हाताऱ्यांची सालं अशीच इकडची तिकडे होतात.

तेवढ्यावरही वाचलो असतो. प्लेट्सच्या पाठचे सहा फोटो होते. 'मेड एक्सप्रेसली फॉर सँटा फे डायनिंग कार सर्व्हिस' हा शिक्का सहाही फोटोंत एकाच अक्षरापाशी फुटलेला. मी झूम करून पाहिलं. सावली असेल म्हटलं. रोज जेवण वाढलेल्या प्लेटवर सुरीचे ओरखडे असतातच, इथे एकही नव्हता. तेही दिसलं होतं.

पैसे साइटबाहेर, 'मित्राला पाठवतोय' हा पर्याय निवडून पाठवले, कमिशन वाचेल म्हणून. हे कधीही करू नका, समोरचा कितीही गोड बोलो. हा माणूस माझ्याशी वीस मिनिटं सुपर चीफच्या वाटेवरच्या रेटन घाटाबद्दल बोलला होता. इतकं जाणणारा माणूस चोर असेल असं कुणाला वाटेल?

पार्सल आलं. नखाने खरवडला तर शिक्का निघून आला. खरा शिक्का ग्लेझच्या, म्हणजे वरच्या चकचकीत काचेसारख्या थराच्या खाली असतो, नखाला लागत नाही. घेण्याआधी व्हिडिओ मागा, प्लेट उजेडात तिरकी धरायला लावा.

बायकोला सांगायला तीन आठवडे लागले.

बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, फसवणूक कशी? साइट म्हणाली, व्यवहार आमच्याकडे झालाच नाही. गावच्या पोलिसांनी सांगितलं, आरोपी दुसऱ्या राज्यात आहे, तिकडे करा. तिकडच्यांनी सांगितलं, पैसे तुमच्या गावातून गेले, तिथे करा. खिडकीवरच्या अधिकाऱ्याने तर 'जुन्या प्लेट्स?' असं दोनदा विचारलं आणि शेजाऱ्याकडे बघून हसला. ऑनलाइन तक्रारीला एक लांबलचक नंबर मिळाला, त्याला आज ११ आठवडे झाले. एकाही माणसाने ते सहा फोटो उघडून पाहिलेले नाहीत. बँकेच्या फोनवर मी ४७ मिनिटं ताटकळलो आणि लाइन कट झाली. चोराने निदान फोन उचलला होता! म्हणून सांगतो, पहिल्याच दिवशी सगळे मेसेज, फोटो, पावत्या साठवून ठेवा. माझ्या मेसेजांतले निम्मे त्याने पुसून टाकले.

काल रात्री नव्या नावाने नवी जाहिरात दिसली. ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड या दुसऱ्या एका जुन्या गाडीच्या चार प्लेट्स, १,२०० डॉलर. खालचं लाकडी टेबल तेच, कोपऱ्यातली चीरही तीच. मी साइटला कळवलं. उत्तर आलं, सध्या कारवाई करण्याजोगं काही आढळलं नाही. जाहिरात अजून तिथेच आहे.