अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ बरेच महिने वापरल्यावर: ‘रडार सेन्सर अडला आहे’ या सूचनेबद्दल

अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ (ठरवलेला वेग आणि पुढच्या गाडीशी अंतर रडारच्या मदतीनं आपोआप राखणारी सोय) मला आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. लांबच्या प्रवासात उजवा पाय मोकळा राहतो, आणि पुढच्या गाडीशी अंतर तो माझ्यापेक्षा शांतपणे राखतो. या सोयीचं कौतुक भरपूर वाचायला मिळतं, म्हणून ते इथं नको. ती मध्येच बंद का पडते, त्याबद्दल लिहितो. मीटरवर रडार अडल्याची ओळ उमटते, क्रूझ सुटतो, आणि बऱ्याच गाड्यांत त्याच रडारवर चालणारं आपत्कालीन ब्रेकिंगही तेवढा वेळ बंद पडतं किंवा अपुरं होतं. नुसता क्रूझ गेला असता तर मी एवढं डोकं घातलं नसतं.

आधी सेन्सर शोधा. बंपरवरच्या छोट्या गोल टिकल्या पुसत बसणारे मी पाहिले आहेत. त्या पार्किंगच्या, अल्ट्रासॉनिक. पुढचं रडार बहुधा खालच्या ग्रिलमागे, काळ्या गुळगुळीत चौकोनी झाकणामागे किंवा थेट कंपनीच्या बोधचिन्हामागे असतं.

सूचनेत ‘अडला’ असं म्हटलेलं असलं तरी रडारला स्वतःच्या तोंडावरचा चिखल दिसत नाही. ७६ ते ७७ गिगाहर्ट्‌झच्या लहरी तो पुढे सोडतो आणि परत काय येतं ते मोजतो. रस्त्यावर एरवी मिळतात तेवढ्या लहरी बराच वेळ परतल्या नाहीत, की तो ठरवतो: माझ्यासमोर काहीतरी आलंय. म्हणजे सूचना हा त्याचा अंदाज असतो. हे एकदा ध्यानात आलं की फडकं शोधण्याआधी मी वेगळाच प्रश्न विचारतो: ती आली कधी?

जोरदार पावसात आली आणि पाऊस ओसरल्यावर आपोआप गेली, तर शोधण्यासारखं काही नाही. या लहरींची लांबी जेमतेम ४ मिलिमीटर, आणि पाणी त्या चांगल्याच शोषतं. झाकणावर पाण्याचा सलग पापुद्रा धरला की तेवढ्यानेच रडारची नजर मंदावते. ओला चिखल आणि ओला बर्फही तसेच. उलट कोरड्या धुळीनं फारसं बिघडत नाही. बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ असतानाही माझा क्रूझ बिनतक्रार चालला. पुसायचं तर मऊ ओलं फडकं पुरे. जेटचा फवारा झाकणाच्या अगदी जवळून मारू नये.

खरी गंमत रात्रीच्या मोकळ्या, सरळ रस्त्यावर झाली. झाकण स्वच्छ, हवा कोरडी, तरी सूचना हजर. पुढे वाहन नाही, कडेला कठडा नाही, फलक नाहीत. लहरी परतणार कुठून? बिचाऱ्यानं स्वतःलाच आंधळं ठरवलं. वाहतूक लागल्यावर ओळ गेली. अशा वेळी ‘सेन्सर बदलावा लागेल’ असं कुणी म्हटलं तर मी मान्य करणार नाही.

तिसरा प्रकार मात्र गंभीर. रिव्हर्स घेताना दुसऱ्या गाडीनं माझ्या पुढच्या बंपरला हलकासा धक्का दिला. बंपर काढून परत बसवला गेला, वरून सगळं ठीक. त्यानंतर सूचना कोरड्या दिवसाही येऊ लागली, कधीही, आणि पुसून काहीच फरक पडेना. त्याहून बोलका पुरावा क्रूझच्या वागण्यात होता: वळणावर शेजारच्या लेनमधल्या गाडीला बघून वेग कमी करायचा आणि माझ्याच लेनमधली गाडी उशिरा पकडायचा. रडार आडवं फक्त १ अंश फिरलं, तरी १०० मीटरवर नजर पावणेदोन मीटर सरकते. म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनचा निम्मा भाग गेला! रडार धरून ठेवणारा ब्रॅकेट किंचित वाकला होता, आणि ते डोळ्यांना दिसणं शक्यच नव्हतं.

इथं स्कॅनर (गाडीत साठलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लागतो, पण कुठलाही नाही. स्वस्तातले बरेच स्कॅनर इंजिनाचे, पी अक्षरानं सुरू होणारे कोड तेवढे वाचतात आणि ‘दोष नाही’ सांगून मोकळे होतात. रडारच्या मॉड्यूलपर्यंत (त्याच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकापर्यंत) पोचणारा हवा. सी किंवा यू अक्षरानं सुरू होणारा कोड आहे का, तो आत्ता चालू आहे की जुना साठलेला, हे पाहावं. यू-कोड म्हणजे गाडीतल्या मॉड्यूलांच्या आपसातल्या संवादाची अडचण. तिथं आधी कनेक्टर, वायरिंग आणि बॅटरीचा व्होल्टेज तपासावा. कोन चुकल्याचा कोड असेल तर ब्रॅकेट सरळ करून कॅलिब्रेशन, म्हणजे रडारची दिशा पुन्हा नेमकी जुळवणं. काही गाड्यांना ते समोर लक्ष्य-फलक ठेवून सपाट जमिनीवर करावं लागतं, काहींना रस्त्यावर ठराविक वेगानं चालवून. माझं झालं, आणि वळणावरची ती विनाकारण मंदी थांबली.

मधल्या काळात एक गोष्ट कळली. रडारसमोर काहीही लावताना विचार करावा. क्रोमची सजावटी ग्रिल, नंबर प्लेटची धातूची फ्रेम, जाड स्टिकर, बंपरच्या डागडुजीतली पुट्टी, धातूचे कण असलेला रंग, यातलं काहीही आड येऊ शकतं. बोधचिन्हामागे रडार असेल तर ते चिन्हही साधं नसतं. वरून चमकदार दिसलं तरी लहरी आरपार जातील असंच ते बनवलेलं असतं. तिथं बाजारातलं मिळतंजुळतं चिन्ह बसवलं की गाडी दिसते छान, पण सूचना हटत नाही.

सोयीला माझ्याकडून पैकीच्या पैकी नाहीत, आणि गुण कापतोय ते सूचनेच्या भाषेसाठी. पाऊस, रिकामा रस्ता आणि वाकलेला ब्रॅकेट, तिन्हींना माझ्या गाडीत एकच ओळ. कोणी बंपर उघडला असेल, तर गाडी ताब्यात घेताना रडारच्या मॉड्यूलचे आधीचे आणि नंतरचे कोड छापून मागा.