वसाहतीच्या बातम्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटी: दीड वर्ष वापरल्यानंतर

"उद्या टाकी धुवायची आहे, सकाळी सहा ते अकरा पाणी येणार नाही." निरोप एवढाच होता. रात्री नऊला मी तो वसाहतीच्या एकुलत्या एका ग्रुपवर टाकला आणि निर्धास्त झोपले. सव्वानऊला कुणीतरी एका छोट्या मुलीच्या वाढदिवसाचा फोटो टाकला आणि शुभेच्छा सुरू झाल्या. सकाळपर्यंत ऐंशीच्या वर मेसेज, आणि माझा निरोप त्यांच्याखाली कुठेतरी.

सात वाजता तिसऱ्या गल्लीतल्या ताई दोन रिकाम्या बादल्या घेऊन दारात उभ्या. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, सकाळचं सगळं त्यांना जागेवरच करावं लागतं. घरात पाणी भरून ठेवलेलं नव्हतं. ताई रागावल्या नाहीत. "वहिनी, मला कळलंच नाही हो," एवढंच म्हणाल्या. आम्ही दोघींनी माझ्या पिंपातलं पाणी उपसून चार खेपा केल्या.

त्या दिवशी फाटकाजवळचा फळाही कोरा होता. तो फळा मी १८ वर्षं लिहीत आले होते. पण ग्रुप झाल्यापासून माझा हात ढिला पडला होता. सगळ्यांच्या खिशात फोन आहे, मग खडू कशाला, असं मनाने घेतलं होतं. चूक अ‍ॅपची नव्हती. गप्पा आणि बातम्या आम्ही एकाच भांड्यात कोंबल्या होत्या.

त्यानंतर आम्ही व्हॉट्सअ‍ॅपची कम्युनिटी ही सोय सुरू केली. ज्यांच्या वसाहतीत अजून एकाच ग्रुपवर सगळं चालतं, त्यांच्यासाठी दीड वर्षाचा अनुभव लिहिते आहे.

ही सोय नोव्हेंबर २०२२ पासून आहे. तेव्हाच ग्रुपची सभासदसंख्या १,०२४ पर्यंत वाढली आणि ग्रुपमध्ये मतदान घेण्याची सोयही आली. मांडणी समजायला सोपी आहे. वर एक सूचनांचा ग्रुप, त्यात वसाहतीतले सगळे, पण लिहिणार फक्त अ‍ॅडमिन. त्याखाली हवे तसे छोटे ग्रुप. आमच्याकडे हरवलं-सापडलं, वस्तूंची देवाणघेवाण, मैदान, झाडं-बाग आणि गप्पा असे पाच आहेत. ज्याला बागेत रस नाही त्याने बागेच्या ग्रुपमध्ये येऊ नये. ज्याला गप्पा नकोत त्याने गप्पांमधून खुशाल निघावं. बाहेर पडल्याचं फोनवर फक्त अ‍ॅडमिनला कळवलं जातं, त्यामुळे कुणाला वाईट वाटत नाही. जुन्या ग्रुपवर माणसं केवळ भिडेखातर थांबायची आणि मग आवाज बंद करून टाकायची. आवाज बंद केलेल्या माणसाला पाण्याचा निरोप कसा पोचणार?

केवळ अ‍ॅडमिननेच लिहायचं, ही युक्ती साध्या ग्रुपमध्येही २०१८ पासून करता येते. आम्ही ती एकदा करून पाहिली होती. पण सगळ्यांची तोंडं बंद केली की लोक चिडतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. कम्युनिटीत बोलायला वेगळी जागा राहते, म्हणून सूचनांच्या ग्रुपमधली शांतता कुणाला टोचत नाही. मे २०२४ पासून सूचनेखाली उत्तरही देता येतं. ही उत्तरं त्या सूचनेखाली मिटलेली राहतात आणि त्यांच्यासाठी बाकीच्यांचा फोन वाजत नाही. माझ्या मते या सोयीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. "अकराऐवजी दहाला पाणी येईल का?" असं एकाने विचारलं, मी उत्तर दिलं, ज्याला हवं त्याने उघडून वाचलं.

अर्थात नुसती सोय असून भागत नाही. सूचना कशी लिहायची हे आम्हाला नव्याने शिकावं लागलं. आता अ‍ॅडमिन तिघं आहोत आणि आमचा एक नियम आहे: काय, कधी, कुठे, आणि कुणाला विचारायचं, या चार गोष्टी असल्याशिवाय सूचना टाकायची नाही. दिवसाला फार तर दोन सूचना. सुविचार नाहीत, शुभेच्छा नाहीत. "उद्या" असा शब्द लिहायचा नाही, वार आणि तारीख लिहायची, कारण काहीजण मेसेज दुसऱ्या दिवशी वाचतात आणि त्यांचा "उद्या" एक दिवस पुढे सरकतो. घाईत चूक झालीच तर मेसेज पाठवल्यापासून १५ मिनिटांत दुरुस्त करता येतो. म्हणून सूचना टाकल्यावर फोन खाली ठेवायचा नाही, पुन्हा एकदा नीट वाचायचा. पाण्याची किंवा विजेची सूचना असेल तर ती पिन करायची. २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस, हवा तो काळ निवडता येतो. आम्ही बहुतेक वेळा २४ तासच निवडतो. जुनी सूचना वर चिकटून राहिली की नव्या सूचनेवर कुणाची नजर जात नाही.

आता एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण सोयीचं बळ आणि तिची मर्यादा दोन्ही मला त्यातच कळली.

पहिल्या गल्लीतल्या आजोबांना विस्मरणाचा आजार आहे. एका संध्याकाळी ते चपला घालून बाहेर पडले आणि परतले नाहीत. सूनबाईंनी पावणेसहाला मला फोन केला. मी फोटो मागवला, अंगावर काय होतं ते विचारलं आणि सूचना टाकली: निळा चौकड्यांचा शर्ट, उजव्या हातात काठी, नाव विचारलं तर सांगतील, पत्ता सांगता येणार नाही. दोन मिनिटांत वसाहतीचे फोन वाजले. मुलं सायकली घेऊन निघाली. साडेसहाच्या आत दुसऱ्या टोकाच्या बसथांब्यावर एका कॉलेजच्या मुलाला आजोबा बाकावर बसलेले दिसले. त्याने शर्ट ओळखला. तो त्यांच्याशेजारी बसून राहिला, गप्पा मारत, हात न धरता, घरचे येईपर्यंत. "आजोबा घाबरले असते ना धरलं असतं तर," असं नंतर म्हणाला. इतकी समज त्या पोरात होती.

आम्ही लगेच मूळ सूचना सगळ्यांसाठी काढून टाकली आणि "आजोबा सुखरूप घरी आले" अशी नवी टाकली. पण मधल्या पाऊण तासात लोकांनी कळवळ्याने ती आपापल्या नातेवाइकांना, ऑफिसच्या ग्रुपला पाठवली होती. आपण मूळ मेसेज काढला तरी पुढे गेलेली प्रत काढली जात नाही. पुढे तीन आठवडे कुठून कुठून फिरून आजोबांचा फोटो येत राहिला, खाली "कृपया पुढे पाठवा". त्यांच्या मुलाला अनोळखी लोकांचे फोन येत राहिले. प्रत्येकाला तो शांतपणे सांगायचा, ते घरी आहेत, तुमचे आभार. एकदा मात्र मला म्हणाला, "काकू, बाबांचा असा फोटो सगळीकडे फिरतो ते बघवत नाही."

तेव्हापासून हरवलेल्या माणसाच्या सूचनेत आम्ही तारीख आणि वेळ लिहितोच, आणि ती फोटोवरच लिहितो, म्हणजे मजकूर गळला तरी ती सुटत नाही. शेवटची ओळ असते: "आज रात्री दहानंतर हा निरोप पुढे पाठवू नये." फोटो घरच्यांना विचारून निवडतो, ज्यात ते माणूस रोजच्यासारखं दिसतं असा. खूप वेळा पुढे गेलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, ही मर्यादा एप्रिल २०२० पासून आहे आणि ती हवीच. पण एका वसाहतीतली दोनशे माणसं एकेक ठिकाणी पाठवू लागली तरी फोटो किती लांब जातो, ते आम्ही पाहिलं आहे.

कार्यक्रमांसाठी वेगळी सोय आहे. कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ आणि जागा भरायची, लोक येणार की नाही ते कळवतात, आणि येणार म्हणणाऱ्यांना वेळेआधी आठवण जाते. रक्तदान शिबिर, मैदानाची साफसफाई, जुन्या पुस्तकांची अदलाबदल, या सगळ्याला आम्ही ती वापरली. आधी आठ दिवसांपूर्वीचा मेसेज शोधत वर वर सरकवत बसायला लागायचं. आता ग्रुपच्या माहितीच्या पानावर येणारे कार्यक्रम एकत्र दिसतात. एवढं मात्र ध्यानात ठेवा, "येणार" हे बटण दाबणं आणि येणं यांत अंतर असतं. साफसफाईला ४० जणांनी होकार दिला, प्रत्यक्षात २३ आले. खुर्च्या मांडताना, माणसं वाटताना त्या आकड्यावर विसंबू नका. आदल्या संध्याकाळी दोघा-तिघांनी गल्लीत चक्कर मारून बोलावलं की आकडा वाढतो, हे जुनंच तंत्र अजून चालतं.

मतदानात १२ पर्याय देता येतात. बाकं कुठे बसवायची, साफसफाईचा वार कोणता, अशा गोष्टींना उत्तम. पण गाड्या कुठे लावायच्या, हा प्रश्न आम्ही तिथे घेतला आणि ते चुकलं. कुणी काय निवडलं ते सगळ्यांना नावानिशी दिसत होतं. शेजाऱ्याविरुद्ध मत द्यायला माणूस कचरतो. भाड्याने राहणाऱ्या दोन कुटुंबांनी तर मतच दिलं नाही. आम्ही तो निकाल बाजूला ठेवला, कागदाच्या चिठ्ठ्या आणि एक पत्र्याचा डबा घेतला, आणि निकाल उलटा लागला. जिथे मन दुखावण्याची शक्यता आहे तिथे चिठ्ठीच बरी.

बायकांकडून आलेला एक प्रश्न इथे नोंदवते, कारण बऱ्याच जणी याच कारणाने ग्रुपमध्ये येत नव्हत्या: माझा नंबर सगळ्यांना दिसणार का? सूचनांच्या ग्रुपमध्ये तो अ‍ॅडमिनला आणि ज्यांच्याकडे आधीच सेव्ह आहे त्यांना दिसतो. छोट्या ग्रुपमध्ये गेलात तर तिथल्या सगळ्यांना दिसतो. हे आम्ही सभासद करून घेतानाच तोंडी सांगतो. मग ती सूचनांपुरतीच राहील की पुढे जाईल, हे तिचं तिने ठरवावं.

आता ज्यांच्यापर्यंत ही सोय पोचत नाही, त्यांच्याबद्दल. मोजले तेव्हा आमच्याकडे १९ माणसं अशी निघाली. काहींकडे साधा फोन, काहींना डोळ्यांनी दिसत नाही, घरकामाला येणाऱ्या तिघी मावशींच्या घरी मिळून एकच फोन आणि तो दिवसभर मुलाकडे. मावशींना पाणी नसल्याचं कळलं नाही तर त्यांची फेरी फुकट जाते. त्या दिवसाचा पगार हा वेगळा वाद, पण निदान निरोप तरी मिळायला हवा. या १९ जणांची नावं माझ्या वहीत आहेत आणि प्रत्येकापुढे एक शेजारी लिहिलेला आहे, जो जाऊन सांगतो. तिसऱ्या गल्लीतल्या ताईंनी त्यातली चार नावं स्वतःहून मागून घेतली.

फळाही पुन्हा सुरू आहे. त्याला नवा काळा रंग दिला, वर पत्र्याचं छप्पर केलं, म्हणजे पावसात अक्षर वाहून जात नाही. माझं मनगट आता दुखतं, म्हणून नववीतली एक मुलगी लिहिते. तिचं अक्षर माझ्यापेक्षा टपोरं आहे. सकाळी साडेसहाला ती खाली येते, कालचा मजकूर ओल्या फडक्याने पुसते, फळा वाळेपर्यंत पायरीवर बसून फोनवर सूचना वाचते आणि मग लिहिते. लिहून झालं की फळ्याचा फोटो काढून सूचनांच्या ग्रुपवर पाठवायला मला देते. कालच्या फोटोत कोपऱ्यात आजोबा आले आहेत, काठी टेकून, चष्मा कपाळावर चढवून, ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचताना.