माझे १,७९३ पौंड आणि ०१८१

बाजारात कधीच न आलेल्या जुन्या संगीताच्या टेपा म्हणून जे विकत घेतलं, त्यात माझे किती बुडाले तो आकडा आधीच सांगते, म्हणजे कुणी विचारायला नको. १,७९३ पौंड. रुपयांत दोन लाखांच्या आसपास. ठाण्याला आईला अजून सांगितलेलं नाही. "त्यात सोनं आलं असतं," एवढंच म्हणेल, आणि माझ्याकडे उत्तर नसेल.

१९९६ साली शिकायला लंडनला आले. रविवारी हॉक्स्टन स्क्वेअरच्या ब्लू नोट क्लबमध्ये मेटलहेड्झ या रेकॉर्ड कंपनीची ड्रम अँड बेसची (वेगवान ड्रम आणि खोल बेसचं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत) रात्र, सोमवारी तिथंच तबलावादक तलविन सिंगची 'अनोखा' ही रात्र. तिथं जे वाजायचं त्यातलं कितीतरी दुकानात मिळायचंच नाही. ट्रॅक स्टुडिओतून डॅट टेपवर (छोटी डिजिटल कॅसेट) यायचा, त्यावरून डीजे स्वतःपुरती डबप्लेट, म्हणजे एकच प्रत असलेली रेकॉर्ड, कापून घ्यायचा. ॲल्युमिनियमच्या तबकडीवर लॅकरचा थर, थोड्या दिवसांत झिजणारा. पुढे कुणी रेकॉर्ड काढली नाही की तो ट्रॅक संपला. असे ट्रॅक आता माळ्यांवर खरोखर सापडतात, छोट्या रेकॉर्ड कंपन्या ते बाजारात आणतातही. त्यामुळे मी काही हवेतल्या गोष्टीवर भाळले नव्हते, एवढं लक्षात घ्या.

असेच ट्रॅक विकणारा एक जण एका वेबसाइटवर भेटला. म्हणाला, वारलेल्या थोरल्या भावाचं सामान आहे. (मेलेला भाऊ दिसला की पाकीट बंद करा.) आधी ६० पौंडांना एक फाइल दिली, 'खात्री करून घ्या' म्हणून. झकास होती. चिरफाड केलेला ॲमेन ब्रेक (या संगीतात सतत भेटणारा, एका जुन्या गाण्यातला ड्रमचा तुकडा), खाली पोटात घुमणारा बेस. स्वयंपाकघरात हेडफोन लावून तीनदा ऐकली, वरण करपलं. मग दोन डबप्लेटचे ४२०. मग चौदा डॅटचे १,२७५. कुरिअर ३८. डॅटचे पैसे वेबसाइटवरून नको, थेट बँकेत द्या म्हणाला, कमिशन वाचतं. मी दिले. वेबसाइटच्या बाहेर एक पेनीही देऊ नका.

आता ते, ज्यावरून रात्री दोनला जाग येते. पैसे पाठवण्याआधी त्यानं एका डॅटच्या डबीचा फोटो पाठवला होता. निळ्या बॉलपेननं '१९९३', ट्रॅकचं नाव, आणि कोपऱ्यात स्टुडिओचा फोन, सुरुवात ०१८१. फोटो मोठा करून मी तो नंबर वाचला. वाचला! लंडनचा ०१८१ हा कोड अधिकृतपणे लागू झाला १६ एप्रिल १९९५ ला. त्याआधी ०८१ होता. १९९३ च्या डबीवर ०१८१ असूच शकत नाही. पण मी आले ९६ मध्ये, माझ्या पहिल्या खोलीचा नंबर ०१८१ नेच सुरू व्हायचा, तो पाहून मला उलट भरून आलं. आणि माझं काम काय? प्रयोगशाळेत नमुन्यांच्या लेबलांवरच्या तारखा तपासणं. एकोणीस वर्षं तेच करते. नवऱ्यानं हे एकदाच बोलून दाखवलं, पण दाखवलं.

पार्सल आलं. माझ्याकडे डॅटचं मशीन नाही, आता कुणाकडे असतं? सोनीनं २००५ मध्येच बंद केलं. मशीन मिळवेपर्यंत पाच आठवडे गेले. अकरा टेपा कोऱ्या. उरलेल्या तीनवर बाजारात निघालेलेच ट्रॅक, वेग बदलून. आलेल्या दोन्ही डबप्लेट निघाल्या साधं प्लास्टिक. खऱ्या डबप्लेटच्या मधल्या भोकाची कड बघा, आत धातू चमकलाच पाहिजे. ती ६० पौंडांची फाइल मग ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये टाकून तिचा आलेख पाहिला, तर १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीनं कापल्यासारखं सगळं काळं. म्हणजे कुठल्या तरी हलक्या एमपी३ वरून उचललेली. डॅटवरून आलेल्या आवाजाला असा काप सहसा नसतो. हे तपासायला दोन मिनिटं लागतात आणि फुकट होतं.

मग सुरू झाली दारोदार. वेबसाइट म्हणाली, डॅटचे पैसे आमच्यामार्फत दिले नाहीत, आणि बाकीच्या तक्रारीची मुदत संपली. बँकेत ४० मिनिटं तेच पियानोचं संगीत ऐकल्यावर मी ७ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या, फसवून पाठवायला लावलेल्या पैशांच्या भरपाईच्या नियमाचं नाव काढलं. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "वस्तू मिळाली ना? मग हा खरेदीदार-विक्रेत्याचा वाद, तो त्या नियमात बसत नाही." कोरी टेप ही वस्तू! उद्या मी हप्त्याऐवजी कोरा कागद पाठवते, चालेल का? पोलिसांची तक्रार ऑनलाइन. 'काय गेलं' याच्या यादीत संगीत नव्हतंच, म्हणून 'इतर'मध्ये सविस्तर लिहिलं. सहा आठवड्यांनी पत्र आलं: एक ड्रम आणि एक बेस गिटार यांच्याबाबतच्या तुमच्या तक्रारीत तपासाला वाव नाही. मी फोन केला. ड्रमचा सिरियल नंबर आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, अहो, ड्रम नाही, ड्रम अँड बेस. तो म्हणाला, हो, दोन्हीचे नंबर लागतील.

बँक 'नाही' म्हणाली तरी ते लेखी घ्या, लोकपालाकडे जाताना ते कामी येतं. माझं प्रकरण तिथं पडून आहे. आणि टेप हातात आली म्हणून ट्रॅक तुमचा होत नाही, हक्क तो ट्रॅक बनवणाऱ्याचेच राहतात. खरा माल असता तरी मी तो फक्त घरात ऐकू शकले असते. मला तेवढंच हवं होतं.

त्या माणसाला शेवटचा मेसेज रागानं पाठवला. सगळं लिहिलं, ०१८१ सुद्धा, तारखेसकट. उत्तर आलं नाही. गेल्या मंगळवारी नवीन नावानं तीच जाहिरात दिसली. आता भावाऐवजी काका वारलेत, किंमत १,४००. डबीचा फोटो मोठा केला. तेच निळं बॉलपेन, तेच १९९३, आणि कोपऱ्यात ०८१.